टाकीत सरळ जाणारा रोबो खाडीत गोल गोल का फिरतो?

दिवाळेकर_२२

नमस्कार मंडळी. मी बेलापूरच्या दिवाळे गावचा, शेवटच्या वर्षाला, मेकॅनिकल. आम्ही चौघांनी प्रोजेक्टसाठी पाण्याखाली चालणारा छोटा रोबो बनवलाय, केबलवाला, वरून लॅपटॉपने चालवायचा. एप्रिलमध्ये एक्स्टर्नल आहे आणि आमची पार वाट लागलीय.

माहिती देतो. फ्रेम पीव्हीसी पाइपची, समोरून ४० सेमी रुंद, ३० सेमी उंच. वजन १२ किलो. इलेक्ट्रॉनिक्स अॅक्रिलिकच्या नळीत, दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमची झाकणं आणि ओ-रिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून बसवायची रबरी रिंग). मोटरी चार: दोन पुढे-मागे जायला, दोन वर-खाली. एक मोटर ताणकाट्याला बांधून मोजली तर १ किलो ४०० ग्रॅम ओढते. केबल ३० मीटर, ८ मिमी जाडीची. कंट्रोलरमध्ये होकायंत्राची चिप आहे, दिशा धरून ठेवायचा मोड आहे.

कॉलेजात सिव्हिलवाल्यांच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये टाकी आहे. तिथे एक नंबर चालला. मधोमध सोडला की ना वर ना खाली, जागच्या जागी. सरळ सांगितलं तर सरळ.

गेल्या शनिवारी गावच्या जेट्टीवर नेला. बाबांची होडी बाहेर होती म्हणून जेट्टीला लागलेल्या लोखंडी बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू बोटीच्या) शेजारून सोडला. दुपारचे साडेचार वाजले होते. झालं असं:

१. सोडल्या सोडल्या बुचासारखा वर. खालच्या मोटरी फुल दिल्या तेव्हा कुठे बुडाला.
२. पुढे जायला सांगितलं की डावीकडे वळून गोल गोल. दिशा धरायचा मोड लावला की जास्तच.
३. कॅमेऱ्यात नुसता चहा. दुधाचा. लाइट लावला तर आणखी दाट.
४. शेवटी केबल धरून हाताने ओढून काढला. अर्धा गाव बघायला.

गाइड सर म्हणतात कोड चुकलाय, खाडीबिडी सोडा, सिम्युलेशन करून रिपोर्ट द्या. मित्र म्हणतो मोटरी बदलू, त्याला आणखी अठरा हजार लागतील. कोणी पाण्यातल्या रोबोवर काम केलेलं आहे का इथे? आणि जमलं तर हेही सांगा, या लाइनमध्ये पुढे काही आहे का?

---

आयटी_बरी_बाबा

पुढे काही नाही. जावा शीक, ऐरोलीत कंपन्या रग्गड आहेत. रोबो भंगारात घाल, अॅल्युमिनियमला भाव चांगला आहे.

---

खोलपाणी_ठाणे

अठरा हजार खिशातच ठेव. मोटरींना हात लावू नकोस, कोडलाही नको.

मी ठाण्यात राहते. पाण्याखालच्या स्वयंचलित वाहनांवर पीएचडी केली, अजूनही तेच करते. पीएचडीची पहिली दोन वर्षं मीही तुझ्या सरांसारखंच बोलायचे. तिसऱ्या वर्षी समुद्रावर गेले आणि बोलणं कमी झालं.

तुझ्या चार तक्रारींना चार वेगळी कारणं आहेत. सोपं आधी.

बुचासारखा वर आला, कारण टाकीत गोडं पाणी होतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड. तुझा रोबो टाकीत जागच्या जागी राहत होता म्हणजे तो १२ लिटर पाणी सारत होता. तेच १२ लिटर खारं पाणी १२ किलो ३०० ग्रॅम भरतं. ३०० ग्रॅमचा फुगा लावून तू त्याला खाडीत सोडलास. जाळ्याला लावायचं शिसं तुझ्या घरीच असेल, तेवढं फ्रेमच्या तळाला बांध. तळालाच बांध. वजन खाली आणि हवेची नळी वर असली की रोबो आपला आपण सरळ उभा राहतो, मोटरींना ते काम पडत नाही. आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं तेव्हा हे शिसं पुन्हा कमी करावं लागेल.

आता गोल गोल. तू वार आणि वेळ दिलीस, तिथी दिली नाहीस. मी पंचांग काढलं. गेल्या शनिवारी द्वितीया होती, अमावस्येनंतरची. हे मला कुठल्या प्राध्यापकांनी शिकवलेलं नाही, आमच्या चाचणीच्या बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पूर्ण, साडेसातच्या आसपास पुरी ओहोटी. खाडीच्या आत थोडा उशीर धर. साडेचार म्हणजे बरोबर मधोमध, पाणी सगळ्यात जोरात पळतं ती वेळ, त्यात अमावस्येचं उधाण. बाबा घरी असते तर त्यांनी तुला त्या वेळी जेट्टीवर उभंही केलं नसतं.

पाणी किती जोरात होतं ते तू मोजलं नाहीस, म्हणून हिशेबापुरतं सेकंदाला एक मीटर धरते. तुझ्या फ्रेमवर त्या प्रवाहाचा रेटा येतो साधारण सव्वासहा किलोचा. तुझ्या दोन मोटरी मिळून ओढतात २ किलो ८००. इथेच खेळ संपला. पण खरी गंमत केबलची. तीस मीटर लांब आणि आठ मिलिमीटर जाड म्हणजे पाण्याला आडवं येणारं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. तुझ्या रोबोच्या तोंडाच्या दुप्पट. सगळी केबल प्रवाहाला आडवी पडली तर एकट्या केबलवर १५ किलो. तू रोबो चालवत नव्हतास बाळा, तू पंधरा किलोचा पतंग उडवत होतास, आणि पतंगाचं कन्नं कुठे बांधलं होतंस? फ्रेमच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला असणार. तू लिहिलं नाहीस, पण ९० टक्के पोरं तिथेच बांधतात, कारण नळीचं झाकण तिथे येतं. कोपऱ्याला ओढ बसली की तोंड त्या बाजूला फिरणारच.

दिशा धरायचा मोड लावल्यावर जास्त बिघडलं याची दोन कारणं. एक, वळायला एक मोटर कमी आणि एक जास्त करावी लागते. दोन्ही आधीच फुल असतील तर जास्त कुठून आणणार? दोन, तू लोखंडी बार्जला खेटून उभा होतास. होकायंत्राच्या चिपला उत्तर दिशा बार्जमध्येच दिसत असणार. मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन बार्जच्या जवळून लांब चालत जा, काटा फिरताना दिसेल.

हे सगळे रेटे वेगाच्या वर्गाने बदलतात. वेग अर्धा झाला की रेटा पाव. सेकंदाला पाव मीटर वेग असेल तर फ्रेम आणि केबल मिळून जेमतेम सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे याच मोटरी आरामात झेपवतात. मग ते पाणी शोध. येत्या शनिवारी नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, एरवीही सुस्त, त्यात भरती पुरी होऊन पाणी थांबतं त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धा-अर्धा तास. सकाळी सहाला जेट्टीवर हजर राहा. बार्जपासून लांब. केबल १० मीटरच सोड, बाकीची गुंडाळी काठावर कोणीतरी हातात धरून बसायचं, हे एका माणसाचं पूर्णवेळ काम आहे. केबल फ्रेमला मधोमध बांध.

आणि सोडायच्या आधी नारळ टाक. थट्टा नाही. नारळ बराचसा बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त जातो. जेट्टीवर १० मीटरच्या दोन खुणा कर. ४० सेकंदांहून जास्त लागले तर रोबो सोड. कमी लागले तर चहा प्या आणि थांबा. आम्ही लाखांची उपकरणं घेऊन गेलो होतो तेव्हाही तांडेल आधी नारळाची करवंटी टाकायचा. पहिल्या दिवशी मी हसले होते.

कॅमेऱ्याचं. माळशेज घाटात धुक्यात गाडीचा हायबीम लावून बघितलायस? तेच. लाइट लेन्सच्या शेजारी असला की मधल्या गाळाच्या कणांवरून उजेड परत तुझ्याच डोळ्यात. लाइट जमेल तेवढा बाजूला, हातभर लांब आणि तिरका लाव. तरी ठाणे-पनवेलच्या खाडीत वीतभराच्या पुढे दिसेल अशी आशा धरू नकोस. पाणबुडे अशा पाण्यात एक जुनी युक्ती करतात: कॅमेऱ्यापुढे स्वच्छ पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी लावायची आणि ती पेटी बघायच्या वस्तूला टेकवायची. मधला गढूळ थर संपला. होडीचा तळ, जेट्टीचा खांब असं जवळचं काहीतरी दाखवायला ठरव, लांबचं नको.

सरांच्या सिम्युलेशनचं. त्यांचं अगदीच चूक नाही. पण त्या मॉडेलमध्ये रोबोचं वस्तुमान किती टाकणार, १२ किलो? पाण्यात वेग घेताना तू एकटा वेग घेत नाहीस, आजूबाजूचं पाणीही ढकलावं लागतं. गोळा असेल तर तो जितकं पाणी सारतो त्याच्या निम्मं पाणी हिशेबात जास्तीचं धरावं लागतं. लांब नळी आडवी ढकलली तर जवळजवळ तेवढंच्या तेवढं. आणि तुझी फ्रेम उघडी, तिच्यात अडकलेलं पाणी वेगळंच. हा आकडा तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, कारण तुझा रोबो जगात एकच आहे. मोज. टाकीच्या दोन भिंतींमध्ये दोन स्प्रिंगा ताणून त्यांच्या मधे रोबो पाण्याखाली बांध, थोडा ओढून सोड, दहा हेलकावे मोज. स्प्रिंगांची ताकद आधी वजनं टांगून काढलेली असू दे, म्हणजे कोरड्या १२ किलोला एका हेलकाव्याला किती वेळ लागला असता ते कागदावर निघतं. पाण्यात वेळ १.४ पट आला तर १.४ चा वर्ग जवळजवळ २, म्हणजे तुझा रोबो पाण्यात २४ किलोसारखा वागतोय. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच कामावर आहे, फक्त आमच्याकडे स्प्रिंगऐवजी वाहनाला टाकीत ओढत नेणारी आणि मुद्दाम हेलकावे देणारी महागडी यंत्रणा होती. हे रिपोर्टात लिहिलंस की सरही खूश आणि एक्स्टर्नलही.

पुढे काय आहे याचं उद्या लिहिते. आज मुलाचा गणिताचा पेपर आहे, म्हणजे माझाच.

---

वागळे_लेथवाला

ताईंनी पाण्याचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. वागळे इस्टेटला २६ वर्षं लेथवर आहे, अशी झाकणं बरीच केली.

ओ-रिंग ३ मिमीची असेल तर खाच २.३ ते २.४ खोल ठेवायची, रिंग वीस-पंचवीस टक्के दबली पाहिजे. खाचेत लेथच्या गोल रेघा दिसल्या तर घाबरू नको, रिंगच्या बाजूने जातात त्या. आडवा ओरखडा, आतून बाहेर जाणारा, तो घात करतो. नखाने तपास. नखाला लागला की पाण्यालाही वाट मिळाली समज. सिलिकॉन ग्रीस अगदी कमी, रिंग चमकण्यापुरतं. पोरं श्रीखंडासारखं थापतात.

दुसरं, अॅल्युमिनियमच्या झाकणाला स्टीलचे स्क्रू आणि खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. खाडीतून काढला की नळाखाली गोड्या पाण्याने धू, स्क्रू काढून पूस. नाहीतर महिन्याभरात स्क्रू निघणार नाहीत आणि झाकण पांढरं पावडर होईल.

---

खोलपाणी_ठाणे

लेथवाले दादांचं सोन्यासारखं. त्यात भर: पाण्यात टाकायच्या आधी नळीतली हवा थोडी ओढून घे. गॅरेजवाल्याकडे ब्रेक ऑइल काढायचा हातपंप असतो, त्याला काटा असतो. अर्ध्या वातावरणाइतकी, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या निम्मी, ओढ आणि वीस मिनिटं बघत बस. काटा हलला तर गळती आहे, आणि ती कोरड्या टेबलावर कळली, फुकटात.

हे मी जिवावर उदार होऊन शिकले. आमचं वाहन एकदा १८ मीटरवर गेलं आणि आतला पाण्याचा सेन्सर वाजला. वर आणून उघडलं तर ओ-रिंगवर एक केस. एकच, लांब, माझाच. बोटीवर सात जण होते आणि लांब केस माझे एकटीचे, त्यामुळे चौकशी समिती नेमावी लागली नाही. चाचणीचे उरलेले चार दिवस गेले. तेव्हापासून झाकण लावताना मी डोक्याला फडकं बांधते आणि रिंग उजेडात धरून बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवते.

आता पुढचं. ‘आयटी_बरी_बाबा’, तुमचं गमतीत घेतलं, पण माहिती म्हणून. जून २००९ मध्ये एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडलं. त्याचे अवशेष एप्रिल २०११ मध्ये जवळपास ३,९०० मीटर खोलीवर सापडले, ते केबल नसलेल्या स्वयंचलित वाहनांनी. तिथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ४०० किलोच्या आसपास दाब असतो. जीपीएस नाही, वायफाय नाही, रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात हातभर जाताच विरतात. उरतो आवाज. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवरच्या वाहनाला ‘कुठे आहेस’ विचारलं तर उत्तर ऐकायला चार सेकंद. तेवढ्यात ते आणखी पुढे गेलेलं. मग ते आपली जागा स्वतःच ठरवतं: तळाकडे आवाजाचे चार झोत सोडायचे, परत येणाऱ्या आवाजाच्या स्वरातला फरक मोजायचा, त्यावरून वेग, वेगावरून अंतर. आंधळा माणूस घरात पावलं मोजत चालतो तसं. चूक थोडी थोडी साचत जाते. ती कशी साचते आणि कशी कमी करायची, यावर मी गेली सहा वर्षं भाकरी खाते आहे.

आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आहे, १९९३ पासूनची. त्यांचं केबलवालं रोसब ६००० हे वाहन २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत जाऊन आलं. आता त्यांच्याच, माणसं नेणाऱ्या मत्स्य ६००० चं काम चाललंय: टायटॅनियमचा गोळा, आतून २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर, आत तिघं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने माया नावाचं छोटं स्वयंचलित वाहन केलं. तुझ्या जवळचं म्हणजे पवई. आयआयटीची पोरं मत्स्य नावाचाच रोबो घेऊन अमेरिकेतल्या स्पर्धेला जातात. पुढे शिकायचं असेल तर गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) २०२२ पासून नौवास्तुशास्त्र आणि सागरी अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे, पण मेकॅनिकलच्या पेपरवरही दारं उघडतात. नोकऱ्या आयटीइतक्या नाहीत, खोटं सांगणार नाही. धरणं, बंदरं, पुलांचे खांब तपासणाऱ्या छोट्या कंपन्या मात्र वाढतायत. आणि मुलाखतीत भरती-ओहोटी कळणारा इंजिनिअर मला आजवर एकदाच भेटलाय.

एक सूचना. ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे वनखात्याला न विचारता काही सोडू नकोस.

---

दिवाळेकर_२२

ताई, दादा, शनिवारी गेलो. सगळं सांगतो.

केबल खरंच मागच्या डाव्या कोपऱ्याला होती. कसं ओळखलंत? मधोमध आणली. ३०० ग्रॅम शिसं बाबांच्या जुन्या जाळ्याचं. बार्जपाशी मोबाइल नेऊन बघितला, काटा चांगला ३० अंश फिरला.

बाबांना पोस्ट वाचून दाखवली. उधाणाचं आलं तिथे मला म्हणाले, “मंग उधानाच्या पान्यान कनाला टाकलंस रं? माना इचारलं आसतंस तं.” सहा महिने प्रोजेक्ट चाललाय, मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

पावणेसातला पाणी थांबेल म्हणालात, ते सात वाजून पाच मिनिटांनी थांबलं. बाबा आधीच म्हणाले होते सात. नारळाला दहा मीटरला पहिल्यांदा २२ सेकंद लागले, थांबलो. मग ३१. मग ५५, तेव्हा सोडला. सरळ गेला! जेट्टीच्या तिसऱ्या खांबापर्यंत जाऊन वळून परत आला. दिशा धरायचा मोडही चालला. साडेसातनंतर पुन्हा रेटा जाणवायला लागला तेव्हा काढून घेतला. गळती शून्य, हातपंप नेरूळच्या गॅरेजवाल्याने दिवसभरासाठी दिला.

कॅमेरा अजून बोंबलतोय. पाण्याची पेटी बनवली पण आत हवेचा बुडबुडा राहिला आणि तो नेमका लेन्सपुढे. तरी आमच्या होडीच्या तळाला टेकवला तेव्हा दोन फळ्यांमधली सांध आणि खिळ्याचं डोकं दिसलं. बाबा लॅपटॉपमध्ये वाकून बघत होते. ती सांध भरायला झालीय म्हणाले.

स्प्रिंगांचं सोमवारी करतोय. सरांना सांगितलं, ते म्हणाले कर पण टाकी ओसंडू देऊ नको.

आता बाबांचा प्रश्न. गेल्या वर्षी आमचा नांगर दोर तुटून गेला, खाडीच्या तोंडाशी. लोखंडी, १५ किलोचा. हा रोबो शोधेल का विचारतायत.

---

खोलपाणी_ठाणे

बुडबुड्यासाठी पेटीच्या वरच्या कोपऱ्याला बारीक भोक पाड आणि पेटी पाण्याखाली धरूनच भर.

नांगर वर्षभरात गाळात गेला असणार, कॅमेऱ्याला दिसणार नाही. पण लोखंडी आहे ना? बार्जने तुझं होकायंत्र फिरवलं, नांगरही फिरवेल. फक्त तो बार्ज नाही, १५ किलोच आहे, त्यामुळे चिप त्याच्या हातभर अंतरात आली तरच काटा हलेल, तोही मोटरी बंद ठेवून. म्हणजे एवढ्या मोठ्या तोंडावर आंधळेपणाने फिरून उपयोग नाही. जागा घरातल्या अंगणाएवढी लहान करून मिळाली तर बघू.

बाबांना विचार, दोर तुटला तेव्हा किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या खुणेच्या रेषेत होती. अशा दोन जोड्या हव्यात, दोन रेषा जिथे छेदतील तीच जागा. त्यांना आठवत असणार.